नमनाला घडाभर तेल

नेटवर्कवरचं स्टोरेज हळू चालतंय अशी ओरड झाली की मीटिंगमधला पहिला प्रश्न ठरलेला असतो : लाईन केवढी आहे? शंभर एमबीपीएस? मग ती पाचशे करू. दुसरा प्रश्न : डिस्क कुठल्या आहेत? मग त्या बदलू. कोटेशनं मागवली जातात, पर्चेसवाले कामाला लागतात, आणि तीन महिन्यांनी, सगळे पैसे देऊन झाल्यावर, स्टोरेज जवळजवळ तितकंच हळू चालत असतं. मग सगळे एकमेकांकडे बघतात.

माझं मत सरळ आहे. लहान लहान फायलींचा व्यवहार असेल तर हा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या जागी गेलेला असतो. वेळ डेटा वाहून नेण्यात जात नव्हताच. तो जात होता "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" यात.

आपल्याकडे याला जुना आणि चपखल शब्दप्रयोग आहे, नमनाला घडाभर तेल. खेळ मशाली-पलित्यांच्या उजेडात व्हायचे त्या काळात नमनातच घडाभर तेल जळून गेलं तर पुढच्या वगाला उजेड कुठून आणणार? नेटवर्कवरच्या कनेक्शनचं नेमकं हेच आहे. कनेक्शन जोडणं हे नमन, आणि तुमची फाईल हा वग. नमन करू नका असं कोणीच म्हणत नाहीये. पण प्रत्येक वाक्यागणिक पुन्हा गणपती, पुन्हा सरस्वती, पुन्हा रंगदेवता सुरू झालं तर प्रेक्षक उठून जातील.

आता आकडे बघू, कारण आकड्यांशिवाय हे नुसतंच कीर्तन होईल.

मुंबईतून सिंगापूरला एखादा पॅकेट जाऊन परत यायला साधारण ६० मिलिसेकंद लागतात. (काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सरळ रेषेत अंतर ३,९०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद ही निसर्गाची किमान फी झाली. समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत राऊटर असतात, बाकीचे त्यात गेले. ही फी कितीही महागडी लाईन घेतलीत तरी माफ होत नाही.) या एका फेरीला आपण नुसतं "खेप" म्हणू.

समजा ४० केबीची एक फाईल तिकडच्या ऑब्जेक्ट स्टोअरवर टाकायची आहे. नवं कनेक्शन. टीसीपीची ओळखपाळख, एक खेप. त्यावर टीएलएस १.२, म्हणजे प्रमाणपत्र दाखव, किल्ली ठरव, आणखी दोन खेपा. मग फाईल निघाली. पण टीसीपी सगळी फाईल एकदम सोडत नाही. सुरुवातीला फक्त दहा पॅकेट, म्हणजे साडेचौदा केबीच्या आसपास, आणि त्यांची पोच आली की मग दुप्पट. तेव्हा ४० केबीला दोन हप्ते, दोन खेपा. एकूण पाच खेपा, ३०० मिलिसेकंद. आणि शंभर एमबीपीएसच्या लाईनवरून ४० केबी ढकलायला खरा वेळ किती लागतो? ३.२ मिलिसेकंद.

म्हणजे शंभरातला एक भाग काम आणि नव्व्याण्णव भाग नमस्कार-चमत्कार. तुम्ही लाईन पाचपट केलीत तर ते ३.२ चे ०.६४ होतील. उरलेले ३०० जागच्या जागी. एवढ्यासाठी महिन्याला किती जास्त मोजणार ते तुमचं तुम्ही ठरवा.

तेच कनेक्शन आधीपासून उघडं आणि चालतं असेल, तर ओळख झालेली आहे, किल्ली ठरलेली आहे, खिडकी मोठी झालेली आहे. एक खेप, ६० मिलिसेकंद, विषय संपला.

हे दहा-दहा पॅकेटांचं प्रकरण काय आहे, असं एका ज्युनियरने परवा विचारलं. त्याची गोष्ट मजेदार आहे, म्हणून जरा थांबतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधली लाईन ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून ४० बिट प्रतिसेकंदावर आली. हजार नाही, नुसते ४०. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर चारशे यार्ड, म्हणजे चालत पाच मिनिटं. माणूस पेनने कागदावर लिहून पळत गेला असता तरी बाजी मारली असती. कारण असं होतं की लाईन तुंबली की प्रत्येक मशीन घाबरून तेच पॅकेट पुन्हा पाठवायचं, आणि त्यामुळे ती आणखी तुंबायची. सिग्नल बंद पडलेल्या चौकात प्रत्येकजण पुढे घुसतो, तसं. वॅन जेकबसनने यावर १९८८ मध्ये जो उपाय मांडला त्यातला एक भाग म्हणजे हा 'स्लो स्टार्ट' : अनोळखी रस्त्यावर एकदम सुसाट सुटू नका, थोडं सोडा, पोच बघा, मग वाढवा. सुरुवातीचा हप्ता पुढे वाढत गेला आणि २०१३ मध्ये आरएफसी ६९२८ ने तो दहा पॅकेटांवर नेला.

तात्पर्य, ही सावधगिरी मूर्खपणाची नाही. इंटरनेट उभं आहे ते तिच्यावर. पण तिचा अर्थ असा की प्रत्येक नवं कनेक्शन हा नवा, अनोळखी माणूस. दर वेळी ओळख पुसून टाकली, तर दर वेळी संशयितासारखीच वागणूक मिळणार.

आमच्या एका ग्राहकाकडे (नाव नको) हेच चाललं होतं. दिवसाला लाखभर कागद स्कॅन व्हायचे, आणि रात्री दहाला एक जॉब ते सिंगापूरला ढकलायचा. सकाळी साडेनऊला काउंटर उघडायच्या आत काम व्हायला हवं, कारण क्लार्क मंडळींना आदल्या दिवशीचे फॉर्म बघावे लागत. आणि ते होत नव्हतं. वर मांडलेल्या पाच खेपांत आणखी एक भर होती. त्यांची लायब्ररी फाईल पाठवण्याआधी सर्व्हरला "पाठवू का?" असं विचारायची आणि "पाठव" आल्यावरच फाईल सोडायची. म्हणजे सहा खेपा, ३६० मिलिसेकंद. गुणिले एक लाख, म्हणजे ३६ हजार सेकंद. बरोब्बर दहा तास. त्यात चार-दोन फायली अडकल्या, पुन्हा पाठवाव्या लागल्या, की साडेनऊ वाजून जायचे आणि काउंटरवर रांग लागून शिव्या सुरू.

यावर त्यांच्या व्हेंडरने काय केलं असेल? दोन कंत्राटी मुलं रात्रपाळीला बसवली. काम एवढंच, की दर दोन तासांनी उठून जॉब कुठपर्यंत आला ते मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं. जॉब अडकला तर पुन्हा चालू करायचा. इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेली मुलं. आणि सोबत मोठ्या लाईनचा प्रस्ताव.

आम्ही गेलो तेव्हा पहिल्यांदा लाईनच्या वापराचा आलेख मागितला. रात्रभर एक टक्का. रिकामी लाईन. रस्ता मोकळा पडलाय, फक्त प्रत्येक कागदासाठी वेगळी रिक्षा करून, भाडं ठरवून, उतरून, पुन्हा रिक्षा शोधणं चाललं होतं. कोडमध्ये बघितलं तर लूपच्या आत क्लायंट तयार होत होता आणि लूपच्या आतच बंद होत होता. तो लूपच्या बाहेर काढला. आठ वर्कर केले, प्रत्येकाचं स्वतःचं एक कनेक्शन, दिवसाचं काम संपेपर्यंत उघडं. "पाठवू का?" हा प्रश्न इतक्या लहान फायलींसाठी बंद केला. एका कनेक्शनवर हेच काम एक तास चाळीस मिनिटांचं, आठांवर साडेबारा मिनिटांचं. प्रत्यक्षात थोडं जास्त लागलं, पण रात्री साडेदहाच्या आत सगळं आटोपायला लागलं.

त्या दोन मुलांपैकी एकजण खूश झाला. दुसरा नाराज, कारण रात्रपाळीचा भत्ता गेला. आणि लाईन? ती वाढलीच. पीओ निघून गेला होता ना. :)

आता तुम्ही म्हणाल, लूपच्या आतला क्लायंट लूपच्या बाहेर काढा, ही काय लेख लिहायची गोष्ट झाली? मान्य. पण मग एवढ्या ठिकाणी हे का दिसतं? माझं उत्तर : कारण ते दिसतच नाही. आपण लिहितो एक ओळ, "ही फाईल ठेव", आणि त्या ओळीच्या पोटात काय काय घडतं ते लायब्ररी झाकून ठेवते. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत थेट गेट किंवा पुट म्हटलं की दर वेळी नवं कनेक्शन, सेशन बनवून वापरलं तरच जुनं पुन्हा वापरलं जातं. डॉटनेटमध्ये एचटीटीपी क्लायंट वापरला की लगेच बंद करायचा, कारण 'वापरून झालेली वस्तू बंद करावी' असं आपल्याला पुस्तकात शिकवलेलं असतं, आणि इथे नेमका तोच सद्गुण नडतो. नोडसाठीच्या अ‍ॅमेझॉनच्या जुन्या एसडीकेत, आवृत्ती २ मध्ये, कनेक्शन पुन्हा वापरणं मुळात बंदच असायचं, एक सेटिंग करून चालू करावं लागे. आवृत्ती ३ मध्ये ते आपोआप चालू झालं. तीन भाषा, तीन वेगळ्या टीम, आणि खड्डा तोच. तेव्हा याला एखाद्या पोराचा निष्काळजीपणा म्हणून मोकळं होता येत नाही. एचटीटीपी १.१ ने कनेक्शन उघडं ठेवणं हा नियम केला १९९७ साली. तेव्हापासून ही सोय आहे. सोय वापरली जातेय का, हे बघायची सवय मात्र नाही.

याचा दुसरा चटका सर्व्हरला नाही तर क्लायंटला बसतो. टीसीपी कनेक्शन जो आधी बंद करतो त्याच्याकडे ते पोर्ट लगेच मोकळं होत नाही. रस्त्यात रेंगाळलेलं एखादं पॅकेट उशिरा येऊन पुढच्या भलत्याच कनेक्शनमध्ये घुसू नये, म्हणून सुतक पाळल्यासारखं काही काळ ते बाजूला ठेवलं जातं. लिनक्समध्ये ६० सेकंद. आणि बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी लिनक्सकडे मुळात पोर्ट असतात ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२. भागा ६० ने. एका मशीनवरून एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे सेकंदाला सुमारे ४७० नवी कनेक्शनं, यापुढे गाडी बंद. सीपीयू निवांत, मेमरी मोकळी, डिस्क झोपलेली आणि अ‍ॅप्लिकेशन मात्र "पत्ता उपलब्ध नाही" म्हणून ओरडतंय. हे पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास सर्व्हर रीस्टार्ट करतो. मिनिटभर सगळं छान चालतं. मग पुन्हा.

असो. इतका वेळ एकच बाजू मांडली. आता दुसरी, कारण "कनेक्शन कमी करा" एवढंच वाचून कुणी उद्या सगळं एका कनेक्शनवर आणून ठेवेल आणि माझ्या नावाने खडे फोडेल.

एनएफएसचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. १९८४ च्या सुमारास सनने तो बनवला तेव्हा कनेक्शन हा प्रकारच ठेवला नव्हता. सगळं यूडीपीवर. क्लायंटने विचारलं, सर्व्हरने उत्तर दिलं, दोघे एकमेकांना विसरले. सर्व्हर मध्येच कोसळून परत उठला तरी क्लायंट आपला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत बसलेला असायचा, उत्तर आलं की काम पुढे. सर्व्हरला काही आठवावंच लागत नव्हतं, त्यामुळे विसरण्याचाही प्रश्न नव्हता. मला ही रचना आजही फार आवडते. एका इमारतीतल्या इथरनेटवर ती झकास चालायची.

पण ८ केबीचा एक तुकडा यूडीपीवरून पाठवला की खाली त्याचे सहा तुकडे होतात, आणि सहातला एक हरवला तर सहाही पुन्हा पाठवावे लागतात. नेटवर्क लांबचं आणि गर्दीचं झालं की हे परवडेना. शिवाय गर्दी झाली तर वेग कमी करण्याची अक्कल यूडीपीला नाही, ती १९८६ ची गोष्ट आठवा. म्हणून टीसीपी आलं, आणि २००० च्या आवृत्ती ४ पासून तर सर्व्हर क्लायंटला लक्षातही ठेवू लागला. कुणाचं कुठलं लॉक आहे, कुठली फाईल कुणी उघडलीय. त्याची किंमत? लिनक्सचा एनएफएस ४ सर्व्हर रीस्टार्ट झाला की साधारण ९० सेकंद तो नवी लॉक देत नाही. आधी जुन्या सगळ्यांना आपापली लॉक परत मागू देतो. सर्व्हर उठला तरी काम का सुरू होत नाही, म्हणून फोन येतात ते याच ९० सेकंदांत.

तेव्हा कनेक्शन हा शत्रू नव्हे. कनेक्शन ही कमावलेली ओळख आहे, भांडवल आहे. खर्च आहे तो ती ओळख पुन्हा पुन्हा करण्याचा. आयस्कझीचा लॉगिन बघा, केवढी ती वाटाघाट, किती किती गोष्टी ठरवायच्या. पण तो होतो मशीन चालू झालं तेव्हा एकदा आणि पुढे महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे त्याबद्दल कुणी हूं की चूं करत नाही. उलट त्या प्रोटोकॉलवाल्यांनी डोकं लावलं ते रोजच्या कामात. लिहायचं असेल तर आधी हुकूम पाठवायचा, मग पलीकडून "आता पाठव" यायचं, मग डेटा. छोट्या लिखाणासाठी ही मधली खेप वाचवायला हुकुमाबरोबरच डेटा पाठवायची सोय २००४ च्या आरएफसीतच दिली आहे. एनएफएस ४ मध्येही पाच-सहा कामं एका पाकिटात घालून पाठवता येतात. किराणावाल्याला एकदा साखरेसाठी, एकदा चहापत्तीसाठी, एकदा काडेपेटीसाठी फोन करण्यापेक्षा यादी एकदाच सांगावी, इतकं साधं.

गंमत म्हणजे एवढी काटकसर करून झाल्यावर गाडी उलटी फिरली. लिनक्सचा एनएफएस क्लायंट एकाच सर्व्हरवरचे कितीही माउंट असले तरी सगळी वाहतूक एकाच टीसीपी कनेक्शनवरून न्यायचा. काटकसर चांगली होती, पण २५ आणि १०० गिगाबिटची कार्डं आली तेव्हा ते एक कनेक्शन म्हणजे लग्नाच्या हॉलला एकच दार, अशी अवस्था झाली. एका कनेक्शनचं काम बऱ्याच अंशी एकाच सीपीयू कोअरवर पडतं. मोठी फाईल पुढे अडकली की मागची चिमुकली विनंती तिच्या मागे ताटकळते. म्हणून २०१९ मध्ये, कर्नल ५.३ मध्ये, एनकनेक्ट नावाचा पर्याय आला : एकाच माउंटला सोळापर्यंत कनेक्शनं उघडा. एनव्हीएमई ओव्हर टीसीपी तर याहून पुढे गेलं. तिथे प्रत्येक रांगेला तिचं स्वतःचं कनेक्शन, आणि साधारणपणे प्रत्येक कोअरला एक रांग. बत्तीस कोअरचं मशीन असेल तर बत्तीस अधिक व्यवस्थापनाचं एक, म्हणजे तेहतीस. कुणी कुणाच्या लॉकसाठी थांबायला नको. ही उधळपट्टी वाटते, पण नाही, कारण ही कनेक्शनं एकदा उघडली की उघडीच.

मात्र दुसऱ्या टोकाला, सर्व्हरकडे बसून बघा. असे शंभर होस्ट आले की ३,३०० कनेक्शनं झाली. प्रत्येकाला थोडी मेमरी, थोडं लक्ष. फेसबुकने २००८ मध्ये मेमकॅशबद्दल लिहिलं होतं (ती कॅश असली तरी स्टोरेजची चुलत बहीणच). हजारो वेब सर्व्हर, प्रत्येकावर शंभराहून जास्त प्रोसेस, प्रत्येक प्रोसेसचं प्रत्येक मेमकॅश सर्व्हरला कनेक्शन. एकेका सर्व्हरवर लाखांनी कनेक्शनं, आणि नुसत्या त्यांच्या बफरांनी कित्येक जीबी मेमरी खाल्लेली. ज्या मेमरीत डेटा ठेवायचा ती पाहुण्यांच्या चपला ठेवण्यात गेली! त्यांनी मग बफर कनेक्शनागणिक न ठेवता थ्रेडमध्ये सामाईक केले, आणि वाचण्याच्या विनंत्या थेट यूडीपीवर नेल्या. लिहिण्याच्या मात्र टीसीपीवरच, मध्ये एक प्रॉक्सी बसवून. २०१३ च्या त्यांच्या पेपरात म्हटलंय की यूडीपीवरच्या ०.२५ टक्के विनंत्या टाकून द्याव्या लागतात. कॅशला ते चालतं. नाही मिळालं तर डेटाबेसला विचारता येतं. तुमच्या बँकेच्या खात्याच्या फायलीला चालणार नाही. दुसऱ्याचा उपाय उचलताना त्याला काय हरवलेलं चालत होतं, ते आधी विचारावं.

पूल करून ठेवलेल्या कनेक्शनांचे स्वतःचे आजार असतात, तेही सांगून टाकतो. मधल्या फायरवॉलला किंवा लोड बॅलन्सरला शांत बसलेलं कनेक्शन आवडत नाही. अ‍ॅमेझॉनच्या नॅट गेटवेवर ३५० सेकंद शांतता झाली की तो ते विसरून जातो. आणि लिनक्सचं टीसीपी "अजून आहेस ना?" असं विचारतं केव्हा? मुळात ते चालू केलेलं असेल तरच, आणि तेही ७,२०० सेकंदांनी. दोन तास! म्हणजे सहाव्या मिनिटाला मेलेलं कनेक्शन पूलमध्ये जिवंत म्हणून मिरवत असतं, आणि दुपारच्या जेवणानंतरची पहिली विनंती त्याच्यावर जाऊन आदळते. जेवणानंतर सिस्टिम हळू चालते ही तक्रार तुम्ही ऐकली असेल तर ती सुस्तीमुळे नसावी. आणखी एक बारीकसारीक : कनेक्शन थोडा वेळ शांत बसलं की लिनक्स त्याची कमावलेली खिडकी पुन्हा लहान करतं, ते बंद करायचं वेगळं सेटिंग आहे. नुसतं उघडं ठेवलं म्हणजे ऊबदार राहिलं असं नाही. तिसरं म्हणजे, सर्व्हर पडून उठला की सगळे क्लायंट एकाच क्षणी दारावर. दादरला फास्ट लोकल लागल्यावर होतं तसं. उतरणारा उतरू शकत नाही आणि चढणारा चढू शकत नाही. प्रत्येकाने थोडा वेगवेगळा, यादृच्छिक वेळ थांबून यावं एवढी दोन ओळींची शिस्त, पण ती डिझाईनमध्ये लिहिलेली क्वचित सापडते.

माझी खरी तक्रार इथेच आहे. डिझाईनच्या कागदावर आपण सगळं लिहितो. किती टीबी, किती आयओपीएस, किती कॉपी, बॅकअप कधी. किती कनेक्शनं, ती कोण उघडणार, किती वेळ जगणार, मेली तर कुणाला कळणार, याला एक ओळ नसते. हे "आपोआप होणारं" खातं. वर पुन्हा फॅशन अशी की सगळं स्टेटलेस हवं, फंक्शन दोन सेकंद जगून मरायला हवं. छान. पण मग ते फंक्शन दर वेळी जन्माला येऊन पुन्हा पहिल्यापासून ओळख करून देणार, आणि तुम्ही जी ओळख टाकून दिलीत तिचा खर्च स्टोरेजवाल्याच्या माथी आणि बिल तुमच्याच. १९८४ चा एनएफएस स्टेटलेस होता, पण त्याला ओळखच करून द्यावी लागत नव्हती, प्रत्येक विनंतीत लागेल तेवढं सगळं असायचं. आजचं स्टेटलेस म्हणजे वर कोरी पाटी आणि खाली टीसीपी, टीएलएस, टोकन अशी तीन थरांची ओळखपरेड. या दोन गोष्टींना एकच नाव आहे म्हणून त्या एक होत नाहीत.

प्रोटोकॉलवाले आपल्या परीने नमन छोटं करत आहेत. २०१८ च्या टीएलएस १.३ ने दोन खेपांची एक केली. जुनी ओळख असेल तर शून्य खेपांतही डेटा पाठवता येतो, पण तिथे सावध राहा. तो पहिला डेटा कुणी मधल्यामध्ये पकडून दुसऱ्यांदा पाठवला तर सर्व्हरला फरक कळेलच असं नाही. फाईल दोनदा वाचली तर बिघडत नाही, फाईलच्या शेवटी ओळ जोडण्याचा हुकूम दोनदा चालला तर बिघडतं. टीसीपीनेही पहिल्याच पॅकेटात डेटा घालायची सोय २०१४ मध्ये दिली होती, तिचं फारसं काही झालं नाही. वाटेतल्या जुन्या डब्यांना असलं पॅकेट दिसलं की ते टाकून देत.

आणि आता क्विक. २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून आलं. टीसीपीची आणि टीएलएसची ओळख एकाच खेपेत उरकतं, एका कनेक्शनमध्ये अनेक स्वतंत्र प्रवाह, एक अडकला तरी दुसरा चालू. मोबाईलचं नेटवर्क बदललं तरी कनेक्शन तुटत नाही. विंडोजचं फाईल शेअरिंग, म्हणजे एसएमबी, क्विकवरून चालायलाही लागलंय : आधी विंडोज सर्व्हर २०२२ च्या अ‍ॅझ्युअर एडिशनमध्ये, मग विंडोज सर्व्हर २०२५ च्या सगळ्या एडिशनमध्ये. आणि हे क्विक खाली चालतं कशावर? यूडीपीवर. त्याच यूडीपीवर, ज्याच्यावर एनएफएस सुरू झाला होता, आणि ज्यावरचा एनएफएस लिनक्सने २०२० मध्ये, कर्नल ५.६ पासून, मुळात बंदच ठेवायला सुरुवात केली.

मागच्या महिन्यात एका ठिकाणी हे करून बघायचं ठरवलं. बाहेरच्या ऑफिसातून, व्हीपीएनशिवाय, फाईल सर्व्हर. सगळं नीट बसवलं, प्रमाणपत्र लावलं, आणि कनेक्शन काही होईना. दोन तासांनी कळलं की तिथल्या फायरवॉलवर यूडीपी ४४३ बंद आहे. का बंद आहे विचारलं, तर नेटवर्कवाले म्हणाले, पॉलिसी आहे. कोणाची, कधीची, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. फॉर्म भरून दिलाय, तीन सह्या लागतात, दोन झाल्या आहेत.